ब्लूग्रास ऐकायचं कसं: कान कुठे ठेवायचा याची पायरीपायरीने ओळख

‘वेग जबरदस्त आहे, पण सगळी गाणी सारखीच वाटतात.’ ब्लूग्रास हे अमेरिकेतलं तंतुवाद्यांचं संगीत पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुतेक वेळा असंच म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा बँजो, मध्येच उसळून येणारं व्हायोलिन, वरच्या पट्टीत थोडा नाकातून लागलेला आवाज, आणि तीन मिनिटांच्या आत गाणं संपलेलं. मीही सुरुवातीचे काही महिने फक्त बँजोच ऐकत होतो, कारण तोच सगळ्यात आधी कानावर येतो. पुढे कधीतरी लक्षात आलं, की ज्याची एकट्याने पुढे येऊन वाजवायची पाळी चालू आहे त्याच्यापेक्षा त्या क्षणी मागे सरकलेले चौघं काय करतायत हे ऐकू यायला लागलं, की हे संगीत उलगडतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. महिनाभर, आठवड्यातले दोन-तीन तास दिलेत तर पुरे.

आधी दोन गैरसमज दूर करू

पहिला बँजोबद्दलचा. आपल्याकडे बँजो म्हटलं की गणपतीच्या किंवा लग्नाच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. तिथला बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग, विजेवर चढवलेला. ब्लूग्रासमधला बँजो हे अगदी वेगळं वाद्य. गोल कड्यावर डफासारखा पडदा ताणलेला, त्याला लांब मान, आणि पाच तारा. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मध्यावर, पाचव्या पडदीपाशी (पडदी म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) बसवलेली असते. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर या वाद्याची कल्पना अमेरिकेत पोचली. ब्लूग्रास हे फक्त अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगरांमधल्या गोऱ्या लोकांचं संगीत आहे असं कुणी म्हणालं, तर हा बँजो आठवावा.

दुसरा गैरसमज असा, की हे फार पुरातन लोकसंगीत आहे. मुळं जुनी आहेत हे खरं: स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्याच, धुना, चर्चमधली गाणी, कृष्णवर्णीयांचे ब्लूज. पण ज्याला आज ब्लूग्रास म्हणतात ते रेडिओच्या जमान्यात, व्यावसायिक मंचावर, एका माणसाच्या बँडमध्ये घडलं. त्या माणसाचं नाव बिल मन्रो. केंटकीतल्या रोझीन या गावचा, जन्म १९११. केंटकीला ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात म्हणून त्याने बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉईज’ ठेवलं, आणि पन्नासच्या दशकात लोक त्या धाटणीच्या सगळ्याच संगीताला त्या नावाने ओळखू लागले.

पहिली पायरी: एकच रेकॉर्डिंग, पाच वेळा

मन्रोच्या बँडने १९४६ आणि १९४७ साली कोलंबिया कंपनीसाठी शिकागोत केलेली रेकॉर्डिंग्ज घ्या. त्यातलं ‘इट्स मायटी डार्क टू ट्रॅव्हल’ हे एकच गाणं आठवडाभर पुरवा. माणसं पाच: मन्रो मँडोलिनवर, लेस्टर फ्लॅट गिटारवर, अर्ल स्क्रग्ज बँजोवर, चबी वाइज फिडलवर आणि हॉवर्ड वॉट्स उभ्या बासवर. ढोल-ताशे नाहीत, ड्रम नाही, विजेवरचं काही नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. जुनं ध्वनिमुद्रण, त्यात बास आधीच दबका, आणि बारक्या स्पीकरवर तो नाहीसाच होतो. चांगले हेडफोन लावा.

पहिल्यांदा फक्त बास आणि मँडोलिन ऐका. बास मात्रा एक आणि तीनवर खर्जात ‘धुम्’ करतो. दोन आणि चारवर ‘छक्’ असा कोरडा आवाज येतो, तो मँडोलिनचा. मँडोलिनवाला डाव्या हाताने पूर्ण स्वरमेळ (कॉर्ड) दाबून धरतो, उजव्या हाताने तारांवर फटका मारतो आणि त्याच क्षणी डावी बोटं किंचित उचलतो. तारा बोटांखालीच असतात, पण दाब सुटलेला, त्यामुळे सूर जन्मता जन्मता मिटतो. याला ‘चॉप’ म्हणतात. ड्रम का नाही याचं उत्तर इथे आहे: धुम् आणि छक् मिळून ठेका तयारच असतो. एकदा हा छक् सापडला की सोडू नका, गर्दीत आईचा पदर धरून चालावं तसा धरून ठेवा. बँजो कितीही धावला तरी तुम्ही हरवणार नाही.

दुसऱ्यांदा गिटार. ही एकल वादनाची गिटार नव्हे, ती मधली भिंत भरून काढते. ओळ संपली की फ्लॅट खालच्या तारांवरून वर चढणारा एक छोटा तुकडा टाकतो. त्याला ‘जी रन’ म्हणतात, पुष्कळ जण ‘फ्लॅट रन’ही म्हणतात. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा तसा तो येतो. आज जगात कुठेही ब्लूग्रास वाजत असेल, तर पाच मिनिटांत हा तुकडा कानी पडतोच.

तिसऱ्यांदा बँजो, आणि या वेळी मुद्दाम गाणं चालू असताना ऐका, बँजोची पाळी नसताना. चौथ्यांदा फिडल, गायक श्वास घेतो त्या फटीत चबी वाइज काय सरकवतो ते बघा. पाचव्यांदा आवाज, त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे सांगतो.

दुसरी पायरी: आठ सुरांत तीन बोटं

इथे थोडं थांबायला हवं, कारण ब्लूग्रासला ब्लूग्रासपण आलं ते या एका गोष्टीमुळे.

अर्ल स्क्रग्ज नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्लिंट हिलचा. जन्म १९२४. तरुणपणी त्याने सुताच्या गिरणीत काम केलं. त्या भागात तीन बोटांनी बँजो वाजवायची रीत आधीपासून होती, स्क्रग्जने ती इतकी सफाईदार केली की ऐकणाऱ्याला सुरांची एकसंध धार वाटावी. अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि पुढच्या दोन बोटांत धातूची नखी घालून तो वाजवी. डिसेंबर १९४५ मध्ये तो मन्रोच्या बँडमध्ये आला आणि नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या शनिवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमातून त्याचा बँजो घरोघरी ऐकू जाऊ लागला.

आता हे हाताने करून बघा. एका आवर्तनात आठ सूर धरा. बोटं तीन. आठाला तीनने पूर्ण भाग जात नाही, आणि सगळी जादू त्या उरलेल्या दोनांत आहे. टेबलावर ठोका द्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. प्रत्येक ‘एक’ जोरात. दुसरा हात बास आणि मँडोलिनचा मिळून समजा आणि त्याने सारख्या अंतरावर चार ठोके द्या. पहिल्या दोन-चार प्रयत्नांत हात अडखळेल, मग अचानक जमेल, आणि जमलं की शरीर आपोआप पुढे झुकेल. बँजोचे जोरकस सूर सरळ ठोक्यांच्या आजूबाजूला पडतात, म्हणून संगीत सतत पुढे ढकललं जातंय असं वाटतं. या बोटांच्या क्रमाला ‘रोल’ म्हणतात. रोल अनेक आहेत, हा ‘फॉरवर्ड रोल’.

मग मन्रोच्या बँडचं १९४७ सालचं ‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’ आणि फ्लॅट-स्क्रग्ज यांचं १९४९ सालचं ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ लागोपाठ ऐका. दोन्ही नुसत्या वादनाच्या धुना, सुरुवात जवळपास बहिणी-बहिणींसारखी. पण पहिलीत स्वरमेळ जिथे ‘जी’वरून ‘एफ’वर उतरतो, तिथे दुसरीत तो ‘ई मायनर’वर जातो. एवढ्याशा बदलाने धुनेचा चेहरा गडद होतो. आणखी बारीक कान दिलात तर त्या जागी बँजो मायनर आणि फ्लॅटची गिटार मेजर वाजवतेय हेही जाणवेल. शास्त्राने पाहिलं तर ही सुरांची टक्कर आहे. मला विचाराल तर त्या रेकॉर्डिंगचा तिखटपणा तिथूनच येतो.

तिसरी पायरी: आवाज

ब्लूग्रासचं गाणं आपल्या कानाला पहिल्यांदा टोचतं. सूर उंच, आवाजाला धार, लाडिकपणा अजिबात नाही. ही गायकी मऊ करून ऐकू नका, ती तशीच घ्या. डोंगरातल्या छोट्या चर्चमध्ये पेटी-पियानोशिवाय गायलं जाई. एकाने ओळ सांगायची, मंडळींनी ती ओढून म्हणायची. उघड्या, ताणलेल्या गळ्याचं वळण तिथून आलं. मन्रो तर इतर गायक सहसा टाळतील अशा पट्ट्यांत, ‘बी’ आणि ‘बी फ्लॅट’मध्ये गाणी बांधायचा.

ध्रुवपदात सहसा तीन आवाज असतात. मधला मूळ चाल गातो, तो ‘लीड’. त्याच्या वर ‘टेनर’, खाली ‘बॅरिटोन’. लीड शोधणं सोपं. टेनर वरून चमकतो म्हणून तोही सापडतो. बॅरिटोन मात्र मुद्दाम शोधावा लागतो, त्याची चाल एकटी ऐकली तर वेडीवाकडी वाटेल, उरलेल्या दोघांनी रिकामी ठेवलेली जागाच त्याच्या वाट्याला येते. भक्तिगीतांत चौथा, खर्जाचा आवाज येतो आणि वाद्यं बरीच कमी होतात. १९४६ सालचं ‘विकेड पाथ ऑफ सिन’ त्यासाठी ऐका.

दोनच आवाजांची ताकद ऐकायची असेल तर व्हर्जिनियाच्या डोंगरातले स्टॅन्ली बंधू. थोरला कार्टर लीड, धाकटा राल्फ टेनर. १९६० सालचं ‘रँक स्ट्रेंजर’ ऐका. बऱ्याच काळाने गावी परतलेल्या माणसाला ओळखीचा एकही चेहरा दिसत नाही, एवढाच विषय. कडवं कार्टर एकटा गातो, शांतपणे, बोलल्यासारखं. मग ध्रुवपदाला राल्फचा आवाज वरून येतो आणि अंगावर काटा येतो. या संगीताचे पहिले श्रोते डोंगर सोडून सिनसिनाटी, डेट्रॉइटच्या कारखान्यांत गेलेले लोक होते. स्क्रग्जप्रमाणे फ्लॅटनेही गिरणीत काम केलेलं. गिरणगावात खोली करून राहिलेल्या आणि मन कोकणात ठेवलेल्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही.

कार्टर १९६६ साली, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेला. राल्फने पुढे पन्नास वर्षं गाणं चालू ठेवलं. त्याचं ‘ओ डेथ’ कोणत्याही वाद्याशिवाय आहे. गाताना तो सत्तरीच्या पुढे होता, आणि २००२ साली त्याला त्यासाठी ग्रॅमी मिळालं.

चौथी पायरी: माणसं

कलावंतांची यादी पाठ करू नका. नाती समजून घ्या, म्हणजे नावं आपोआप लक्षात राहतात.

मन्रो आठ भावंडांत धाकटा. डोळ्याने अधू, त्यामुळे कान तिखट. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतली होती, म्हणून याच्या हाती मँडोलिन आलं. आई तो दहा वर्षांचा असताना गेली, वडील सोळाव्या वर्षी. मग तो मामाकडे, पेन्डल्टन व्हँडिव्हर नावाच्या फिडलवादकाकडे राहिला. या मामावर त्याने पुढे केलेलं ‘अंकल पेन’ आजही पुष्कळ मैफलींत निघतं. दुसरा गुरू अर्नल्ड शुल्ट्झ, कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक. त्याच्याबरोबर मन्रो गावच्या नाचाला वाजवायला जाई. शुल्ट्झ १९३१ साली वारला, त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. मन्रोच्या मँडोलिनमध्ये जेव्हा जेव्हा सूर ब्लूजसारखा वाकतो, तेव्हा त्या माणसाची आठवण मी काढतोच.

चाळीसच्या दशकात मन्रो स्वतःचा तंबू घेऊन गावोगाव फिरायचा. दुपारी बँडमधली मंडळी गावातल्या संघाशी बेसबॉल खेळायची, रात्री तंबूत खेळ. तमाशाचा फड ज्यांनी पाहिलाय त्यांना ही धावपळ परकी वाटणार नाही.

१९४८ साली फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी ‘फॉगी माउंटन बॉईज’ हा बँड काढला. मन्रोला ते फार लागलं. फ्लॅटशी त्याचा अबोला वीस वर्षांहून जास्त टिकला, तो १९७१ साली इंडियानातल्या बीन ब्लॉसमला, मन्रोच्याच महोत्सवात सुटला. स्टॅन्ली बंधूंवरही त्याचा राग होता. ‘मॉली अँड टेनब्रूक्स’ हे शर्यतीच्या घोड्यांचं गाणं तो रेडिओवर गायचा. स्टॅन्लींनी ते त्याच धाटणीत वाजवलं आणि त्यांची तबकडी १९४८ साली, मन्रोच्या आधी बाजारात आली. ती त्याला चोरी वाटली. आज मागे वळून पाहिलं तर तो क्षण महत्त्वाचा ठरतो: एका बँडची धाटणी दुसऱ्याने उचलली, आणि तिथून तिचं घराणं झालं. पुढे १९५१ मध्ये कार्टर स्टॅन्ली काही काळ मन्रोच्याच बँडमध्ये गायला. ‘मॉली अँड टेनब्रूक्स’ची दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐका.

या चौकटीत बाकीचे बसवा. डॉक वॉटसन आणि त्याच्यानंतर टोनी राइस यांनी साथीच्या गिटारला एकल वादनाचा मान मिळवून दिला. जॉश ग्रेव्ह्ज १९५५ साली फ्लॅट-स्क्रग्जकडे डोब्रो घेऊन आला. मांडीवर आडवी ठेवून, धातूची कांडी सरकवत वाजवायची ही गिटार. मोहनवीणा ऐकलेल्यांना तिची मींड लगेच आवडते. हेझल डिकन्स आणि अॅलिस जेरार्ड यांची १९६५ सालची तबकडी जरूर ऐका. पुरुषांच्या या क्षेत्रात दोन बायकांनी सूर एक तसूभरही मऊ न करता गायलं. डिकन्स वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांच्या घरातली, आणि तिची खाणीवरची गाणी ऐकताना ते कळतं.

झाकिर हुसेन आणि राकेश चौरसिया यांनी बँजोवादक बेला फ्लेक आणि बासवादक एडगर मायर यांच्याबरोबर केलेला ‘अॅज वी स्पीक’ हा आल्बम आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलाय. फ्लेकचा बँजो तिथे फार दूर गेलेला आहे, पण त्याची बोटं स्क्रग्जच्याच वाटेने निघाली होती. वरचा आठवडा पुरा करून तो आल्बम पुन्हा लावा.

पाचवी पायरी: एक गाणं, दोन मन्रो

‘ब्लू मून ऑफ केंटकी’ मन्रोने १९४६ साली ध्वनिमुद्रित केलं, संथ, तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये. १९५४ च्या उन्हाळ्यात मेम्फिसमध्ये एल्विस प्रेस्ली नावाच्या नवख्या पोराने ते चार मात्रांत, उडत्या चालीत गायलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मन्रोने गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं: सुरुवात जुन्या तीन मात्रांत, आणि पुढे एकदम चार मात्रांत उडी. परंपरेच्या बाबतीत इतका कडक माणूस एका पोराचं ऐकून आपलं गाणं बदलतो, याचा मला फार आदर वाटतो. तिन्ही ऐका, आणि तिसऱ्यात लय बदलते त्या वळणावर बास काय करतो तिकडे लक्ष द्या.

सहावी पायरी: डोळ्यांनी ऐकणं

यानंतर प्रत्यक्ष मैफल पाहायला हवी, निदान चित्रफीत तरी. डेल मकूरीचा बँड बघा. डेल १९६३ साली मन्रोकडे होता. आता त्याचे दोन मुलगे त्याच्याबरोबर मँडोलिन आणि बँजो वाजवतात. कोट-टाय घालून उभी असलेली ही मंडळी वर्षानुवर्षं एकाच माइकभोवती वाजवत आली. जुन्या रेडिओची ती रीत. ज्याची पाळी आली तो पुढे घुसतो, ज्याची संपली तो गिटारची मान वर उचलून बाजूने निघतो, फिडलवाला गज खाली घेऊन त्याच्यामागून आत येतो. ध्रुवपदाला तीन डोकी माइकपाशी जवळजवळ टेकतात. आवाज कमी-जास्त करणारा कुणी नाही. कुणी किती ऐकू यायचं हे पावलांनी ठरतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे जवळून पाहणं सोपं आहे. ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं वार्षिक संमेलन २०१३ ते २०२४ रॅले शहरात भरायचं, २०२५ पासून ते टेनेसीतल्या चॅटनूगाला गेलं. केंटकीत ओवेन्सबरोला या संगीताचं संग्रहालय आहे, नॅशव्हिलला ‘स्टेशन इन’ हा ब्लूग्रासच्या मैफलींचा छोटा क्लब. पण मोठ्या महोत्सवाच्या आधी एखादा छोटा ‘जॅम’ बघा. वाद्यांच्या दुकानात, चर्चच्या तळघरात लोक गोल करून वाजवतात आणि ऐकायला बसलेल्याला कुणी उठवत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या अशाच एका दुकानात मी शनिवारी सकाळी उभा होतो. दहा-बारा जणांचं कडं, त्यात एक बारा-तेरा वर्षांची मुलगी फिडल घेऊन. गाणाऱ्याने मान हलवून तिला पाळी दिली. तिचा गज थरथरत होता, आवाज पुरता लागत नव्हता. त्याच क्षणी शेजारच्या बँजोवाल्याने रोल थांबवला, हात मानेवर वर सरकवला आणि दाबलेल्या तारांचे नुसते हलके ठोके द्यायला लागला. मँडोलिनचा छक् निम्म्यावर आला. गिटारींनी फक्त खर्जाचे सूर ठेवले. कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत त्या पोरीची फिडल सगळ्या दुकानात स्वच्छ ऐकू येत होती.

कड्यात बसायचं असेल तर थोडे रिवाज. गाणं जो सुरू करतो त्याचा शब्द चालतो. पट्टी तोच सांगतो. पट्टी ‘ए’ असेल तर बँजोवाला दुसऱ्या पडदीवर चाप लावून पाचवी तार सातव्या पडदीवर अडकवेल. त्यासाठी मानेत बारीक खिळे ठोकलेले असतात, आणि ते चक्क खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे असतात. तो जुळवून होईपर्यंत थांबावं. मानेने खूण आली की वाजवावं, जमत नसेल तर मान हलवून पाळी पुढे द्यावी, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याच्या पाळीत आपला आवाज खाली. टाळ्या वाजवायच्या असतील तर दोन आणि चारवर, जिथे छक् पडतो तिथे. वेग फार असेल तर न वाजवलेल्याच बऱ्या.

आणि गाणाऱ्याच्या पायाकडे लक्ष असू द्या. कितीही जण असोत, कितीही वेळ चाललं असो, तो एक पाय जमिनीवरून उचलतो तेव्हा सगळ्यांना कळतं की ही शेवटची फेरी.